हीमची उसनवारी

श्रोतेहो, आपल्या गुहागरकडे गुरांच्या दुखण्यांची नावे विचारलीत, तर लाळ्या-खुरकत, घटसर्प, फऱ्या ही चटकन तोंडी येतील. ‘सर्रा’ हे नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. चावऱ्या माश्यांमार्फत पसरणारा हा रोग घोड्या-उंटांचा जुना वैरी. गुराम्हशींनाही तो सोडीत नाही. त्याचा जंतू ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने १८८० साली डेरा इस्माईल खान येथे शोधून काढला. त्याचे नाव ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी.

या कुळातील जंतूंची एक खोड फार पूर्वीच ध्यानात आली होती. १९०३ मध्ये अमेरिकेत नोव्ही आणि मॅकनील यांनी उंदराच्या रक्तातला ट्रिपॅनोसोमा प्रयोगशाळेत नळीमध्ये वाढविला. पण त्याच्या खाद्यात रक्त मिसळावेच लागले. रक्तातले नेमके काय याला हवे? उत्तर यायला तीसेक वर्षे लागली. आंद्रे ल्वॉफ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९३२-३३ च्या सुमारास हायडेलबर्ग येथे या जंतूंच्या भाईबंदांवर काम करून दाखविले, की त्यांना रक्तातील हेमॅटिन लागते.

हेमॅटिन हे हीमचेच एक रूप. पॉर्फिरिन नावाचे रेणूचे कडे, आणि त्याच्या मधोमध लोहाचा एक अणू, म्हणजे हीम. रक्ताचा लाल रंग त्याचाच. आपल्या पेशी ते साध्या द्रव्यांपासून आठ पायऱ्यांनी तयार करतात. हिवतापाच्या जंतूजवळही तो कारखाना आहे. ट्रिपॅनोसोमाजवळ मात्र यातले काही नाही. काळ्या आजाराच्या लीशमानियाजवळ शेवटच्या तीन पायऱ्यांपुरती हत्यारे आहेत. तेव्हा दोघांनाही उसनवारी करावीच लागते. आणि उसने आणायचे, तर घराला दार ठेवणे आले.

आता आपल्याच राज्यातली हकीकत ऐका. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला वरचेवर ताप येऊ लागला. रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तो त्यात गुरांचा हा जंतू! माणसात सर्रा झाल्याची ही जगातली पहिली निश्चित नोंद, २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. सुरामिन हे जुने औषध देऊन रोगी बरा केला गेला. गावातल्या शेकडो लोकांचे रक्त तपासले. पुष्कळांत जंतूशी संबंध आल्याच्या खुणा दिसल्या, पण जंतू कोणातच सापडला नाही. मग हाच एक माणूस का?

२००६ मध्ये उलगडा झाला. माणसाच्या रक्तात अ‍ॅपोलायपोप्रोटीन एल-१ नावाचे एक प्रथिन असते. ते जंतूच्या आवरणाला भोके पाडून त्याला मारते. या शेतकऱ्याच्या दोन्ही जनुकांत बिघाड होता, म्हणून ते प्रथिन त्याच्या रक्तात नव्हतेच. पुढे २००८ मध्ये या जंतूच्या आफ्रिकेतील सख्ख्या भावंडावर, म्हणजे ट्रिपॅनोसोमा ब्रुसीवर, आणखी एक गोष्ट दिसून आली. हीम मिळावे म्हणून जंतू ज्या दाराने हिमोग्लोबिन आत ओढून घेतो, त्याच दाराने हे मारक प्रथिनही आत शिरते. उसनवारीचे दार हेच त्याच्या मरणाचे दार! हीम घरी करता आले असते, तर हे दार ठेवण्याची त्याला गरजच काय होती?

पण तेवढ्यावर विसंबून चालणार नाही. २०१६ मध्ये व्हिएतनाममधील एका स्त्रीची नोंद झाली. तिच्या रक्तात ते प्रथिन पुरेसे होते, तरी तिला हा जंतू बाधला. तेव्हा गोठ्यात राबणाऱ्या माणसाचा ताप हटेना झाला, तर ‘हिवतापच असेल’ म्हणून स्वस्थ न बसता रक्ताची काच नीट पाहून घ्यावी. चंद्रपूरचा तो शेतकरी वाचला, तो कोणीतरी तशी काच नीट पाहिली म्हणूनच.