लाईट गेल्यावर गाणं कशावर?

घरात गाणं कशावर वाजवायचं, हा प्रश्न आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) नुसत्या आवाजाचा कधीच नव्हता. गिऱ्हाईक आधी विचारायचं ते एकच, लाईट गेल्यावर काय? चावीच्या फोनोपासून आज फडताळात ठेवलेल्या म्युझिक सर्व्हरपर्यंत, म्हणजे घरभर गाणी पुरवणाऱ्या संगणकापर्यंत, इथल्या माणसाने यंत्र निवडलं ते या प्रश्नाचं उत्तर बघून. यंत्र बिघडलं तेही बहुतेक वेळा त्याच अंगाने. माझी हयात रेडिओ आणि टेप दुरुस्त करण्यात गेली. माझ्याआधी हेच काम करणाऱ्या अण्णांची गेली. त्यामुळे हा इतिहास मला काउंटरच्या आतल्या बाजूने दिसतो.

चावीच्या फोनोला लाईट लागतच नव्हती. स्प्रिंगला चावी द्यायची, तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेणार, तीन-सव्वातीन मिनिटांत एक बाजू संपणार. पोलादी सुई दर बाजूला बदलायची. ती वाचवायला गेलं की तबकडीची चर खरवडली जायची. मोटारीतलं ग्रीस घट्ट झालं की गाणं मध्येच रेंगाळायचं. अशा वेळी अण्णा मोटार खोलून सगळं ग्रीस रॉकेलने धुऊन काढत. दुखणं पुरतं यांत्रिक, डोळ्यांनी दिसणारं.

खरी पंचाईत रेडिओने आणली. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांसाठी एक प्रयोग केला. मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांतली दीडशेच्या आसपास गावं त्यासाठी निवडली, त्यांत नगर जिल्हा होता. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम. गावातली पंधरा-वीस माणसं सेटभोवती बसून ऐकायची, मग आपसांत चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राकडे कळवायची. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली आणि १९५९ पासून हीच पद्धत देशभर गेली. या प्रयोगावर लिहिणारे चर्चेचं कौतुक करतात, ते रास्तच आहे. माझी नजर मात्र सेटवर जाते. खेड्यापाड्यांत वीज नव्हती आणि त्या काळच्या व्हॉल्व्हच्या सेटला एका बॅटरीवर भागत नसे. फिलामेंट तापवायला दीड व्होल्ट, प्लेटला नव्वदच्या आसपास. म्हणून जाडजूड ड्राय बॅटरीचा जोडपॅक. तो उतरला की नवा आणायला तालुक्याची वारी.

अशा वेळी दुकानदाराचं ज्ञान कामाला यायचं. त्याच सुमारास ‘९६’ मालिकेचे व्हॉल्व्ह आले, डीके ९६, डीएल ९६. आधीच्या जातीपेक्षा त्यांच्या फिलामेंटला निम्माच करंट लागे. सेटचं लाकूड, कापडाची जाळी, डायलवरची शहरांची नावं बघून गिऱ्हाईक भुलायचं. अण्णा सेट पालथा करून आतले व्हॉल्व्ह दाखवत आणि सांगत, “हा घ्या, बॅटरी टिकंल.” खरखरीची तक्रार आली की ते आधी घरमालकाला अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायला लावत. कोरड्या हंगामात निम्म्या तक्रारी तेवढ्यावर मिटायच्या.

ट्रान्झिस्टर आला आणि जोडपॅक गेला. टॉर्चचेच सेल रेडिओला चालू लागले, बांधावर गाणं गेलं. पुढे ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. शिर्डीहून परतणारी माणसं प्रसादासोबत साईबाबांच्या गाण्यांची कॅसेट आणू लागली. टेपचा दोष कानाला ओळखू यायचा. आवाज जाड आणि संथ झाला तर सेल उतरले किंवा पट्टा ढिला पडला. आवाज दबका झाला तर हेडवर मळ, कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसायचं. तरीही वरचे सूर बोथट राहिले तर हेडशेजारचा बारीक स्क्रू कानाने जुळवायचा.

त्या कॅसेटींनी आणखी एक गोष्ट केली आणि मला ती सगळ्यांत मोलाची वाटते. लोक स्वतः ध्वनिमुद्रण करू लागले. गावच्या हरिनाम सप्ताहातलं कीर्तन, आजोबांच्या मंडळाचं भजन, जत्रेतल्या तमाशाची बतावणी. कुठल्याच कंपनीकडे हे नाही आणि मोबाइलवरच्या कुठल्याही गाण्यांच्या अॅपवर ते सापडणार नाही. घरचा सर्व्हर हौसेखातर म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो. सिनेमाची गाणी कुठेही मिळतील. तुमच्या आजोबांचा आवाज मात्र तुमच्याच घरात आहे आणि त्या फितीवरचा थर सुटायला लागला आहे.

राहुरी तालुक्यातल्या एका घरी असाच संग्रह होता. पोराने कॅसेटी संगणकात उतरवल्या, फ्लॅकमध्ये साठवल्या, म्हणजे फाइल लहान होते पण आवाजातलं काही कापलं जात नाही. मग एक रास्पबेरी पाय घेतला. तळहाताएवढा संगणक, निवड चुकीची नव्हती. सीडीच्या दर्जाचा आवाज सेकंदाला चौदा लाख बिटांच्या आसपास मागतो, एवढं काम त्याला किरकोळ आहे. तरी फोन आला, “काका, साडेसात वाजले का हे येडं होतंय. गाणं तुटतं अन् पाच मिनिटं काहीच नाही.”

जाऊन बघितलं. साडेसातला लाईट लपकायची आणि इन्व्हर्टर भार घ्यायचा. दिवा नुसता पापणी लवल्यासारखा करायचा, पण तेवढ्या क्षणात पाय बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा आणि सगळी गाणी नव्याने मोजत बसायचा. इन्व्हर्टरच्या पाठीमागचं बटण ‘इको’वर होतं, ते ‘यूपीएस’वर केलं. रीसेट थांबला. पण यूपीएसवर इन्व्हर्टर कमी व्होल्टेजही चालवून घेत नाही, लगेच बॅटरीवर जातो. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडलेलंच असतं, त्यामुळे रात्री नऊलाच बॅटरी उतरू लागली. दुसरं दुखणं म्हणजे बाहेरची हार्ड डिस्क पायच्याच यूएसबीवर होती आणि त्याला मोबाइलचा चार्जर, लांब बारीक वायरचा. डिस्क फिरायला लागताना करंट जास्त ओढते. वायरीतच व्होल्टेज गळून जायचं आणि डिस्क टकटक करून गप्प व्हायची. शिवाय असं वारंवार अर्ध्यावर बंद पडल्याने मेमरी कार्डही कधीतरी खराब होणारच होतं.

मी त्यांना घरात पडून असलेला जुना लॅपटॉप काढायला लावला. स्क्रीनला तडा गेलेला, पण बॅटरी बऱ्यापैकी. सर्व्हरला स्क्रीन लागतच नाही. लॅपटॉपची बॅटरी हाच त्याचा यूपीएस, लाईट लपकली तरी त्याला पत्ता लागत नाही. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला. वाड्याच्या भिंती दोन फूट जाडीच्या, दगड-मातीच्या. वायफाय माजघरापर्यंत पोचेना, म्हणून लॅनची वायर तुळईवरून नेली. पाय वाया गेला नाही. तो माजघरात स्पीकरजवळ बसवला, चांगला अडॅप्टर दिला आणि त्यावर पायकोअरप्लेअर नावाचं गाणी वाजवणारं सॉफ्टवेअर घातलं. ते सुरू झाल्यावर रॅममधून चालतं, कार्डावर सारखं लिहीत नाही, त्यामुळे लाईट गेली तरी कार्डाला धोका कमी.

नवीन घेणाऱ्याला मी महागडा डबा सुचवत नाही. ऑफिसातून निघालेला जुना छोटा संगणक किंवा असा लॅपटॉप आणि एक टीबीची डिस्क पुरते. तेवढ्यात दोन-अडीच हजार सीडींचा ऐवज फ्लॅकमध्ये मावतो. दोन डिस्का मात्र घ्या. राहुरीच्या त्या घरची दुसरी डिस्क संगमनेरला दिलेल्या बहिणीकडे असते. दर दिवाळीला ती माहेरी घेऊन येते आणि नव्याने उतरवलेलं कीर्तन त्यावर भरून घेते.