भाकीत आणि पाऊस : दोन स्तंभांचा इतिहास

पर्जन्याचें भाकीत वर्तविणें ही भारतांत फार जुनी विद्या आहे. परंतु वर्तविलेलें भाकीत आणि प्रत्यक्ष पडलेला पाऊस एकाच आकृतींत शेजारीं शेजारीं मांडून पाहणें ही चाल त्या मानानें अलीकडची होय.

अशा आकृतीचा उगम परदेशांतला. १७८६ सालीं विल्यम प्लेफेअर ह्या स्कॉटिश गृहस्थानें आपल्या व्यापारविषयक नकाशासंग्रहांत स्कॉटलंडची आयात व निर्यात स्तंभांनीं दाखविली. त्याच्याजवळ केवळ एकाच वर्षाचे आंकडे होते. त्यामुळें वर्षानुवर्षें चढत-उतरत जाणारी रेषा काढणें शक्य नव्हतें. म्हणून त्यानें प्रत्येक देशापुढें दोन स्तंभ काढले, एक आयातीचा व एक निर्यातीचा. दोन कोष्टकांची एक आकृति झाली, आणि अंतर डोळ्यांस दिसूं लागलें.

भारतांत १८७५ सालीं हवामानखातें स्थापन झालें. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला, आणि पावसाची आगाऊ सूचना मिळावी अशी निकड सरकारास भासली. खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड ह्यांनीं हिमालयावरील बर्फाचा विचार करून ४ जून १८८६ रोजीं मोसमी पावसाचें पहिलें नियमित भाकीत प्रसिद्ध केलें. बर्फ अधिक तर पाऊस उणा, असा त्यांचा अनुमानाचा धागा होता.

ब्लॅनफर्ड ह्यांच्यामागून जॉन इलियट आले. १८९९ सालीं त्यांचें भाकीत चांगल्या पावसाचें होतें. पाऊस मात्र दडी मारून बसला. गुजराथ, राजपुताना, मध्यप्रांत येथें तोच छप्पन्नाचा काळ म्हणून लोकांच्या स्मरणांत राहिला. वृत्तपत्रांनीं टीकेची झोड उठविली. तेव्हां पुढें कांहीं वर्षें भाकितें गुप्त ठेवण्यांत आलीं. चुकीचें माप जनतेपुढें मांडण्याऐवजीं भाकीतच झांकलें गेलें!

१९०४ सालीं गिल्बर्ट वॉकर प्रमुख झाले. ते मूळचे गणिती. भाकितें तोंवर बहुतांशीं शब्दांत असत. त्यांना गणिताचा पाया वॉकर ह्यांनीं दिला. शब्दांचा स्तंभ काढतां येत नाहीं, आंकड्यांचा काढतां येतो. १९२८ सालीं खात्याचें मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आलें. पुढें १९८८ पासून वसंत गोवारीकर व त्यांचे सहकारी ह्यांनीं तयार केलेलें सोळा घटकांचें गणित वापरांत आलें.

आतां जोडस्तंभ काय सांगतात तें पहावें. दीर्घकालीन सरासरी १०० धरली, तर २००२ सालीं भाकीत १०१, पाऊस ८१. २००९ सालीं जूनमधील सुधारित भाकीत ९३, पाऊस ७८. २०१९ सालीं भाकीत ९६, पाऊस ११०. २००२ च्या जोडींतील दरी पाहूनच ते सोळा घटकांचें गणित बाजूस सारून २००३ सालीं नवीं गणितें स्वीकारण्यांत आलीं.

परंतु दोन कोष्टकें जोडतांना सावधपणा हवा. दोन्हींची सरासरी एकच असली पाहिजे. पूर्वीं ती ८९ सेंटिमीटर होती, २०२२ पासून ८७ धरतात. भाकीत एप्रिलचें कीं जूनचें, हेंहि ठरविलें पाहिजे. नाहींतर सोयीचें तेवढें निवडण्याचा मोह होतो. स्तंभ शून्यापासून उभे करावे, आणि भाकितास चुकीची जी मर्यादा जोडलेली असते ती त्याच्या माथ्यावर रेघेनें दाखवावी. शिवाय साऱ्या देशाचा एक स्तंभ मराठवाड्यांतील कोरडें शिवार सांगत नाहीं.

भाकितावर विसंबून शेतकरी बियाणें घेतो, कर्ज काढतो. भाकीत चुकणें हा अपराध नव्हे. मात्र तें किती चुकलें हें त्याच्या नजरेपुढें असल्यावांचून पुढच्या भाकितावर किती भिस्त ठेवावी हें त्यास कळावें कसें? १८९९ नंतर जें झांकलें गेलें, तें उघडें ठेवण्याचें काम हे दोन स्तंभ करतात.