कल्याणच्या बत्तीस तबकड्या आणि त्यांच्या तारा

उल्हासनगरचं नाव काढलं की 'मेड इन यूएसए'चा विनोद ठरलेला. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! कॅम्प नं. ३ मध्ये इतकी वर्षं काढल्यावर आता त्याचं हसूही येत नाही. पण आमच्या स्टेशनपासून दोन स्टेशनांवर, कल्याणला, १९६५ साली परदेशातल्या वापरलेल्या मालातून खरोखरच एक मोठं काम उभं राहिलं. आमच्या गावाला 'उल्हासनगर' हे नाव मिळून तेव्हा सोळा वर्षं झाली होती.

ते काम म्हणजे सूर्याचा 'आवाज' टिपणारी रेडिओ दुर्बीण. तिच्या ३२ तबकड्या, प्रत्येकी सुमारे पावणेदोन मीटर व्यासाच्या, सिडनीजवळच्या पॉट्स हिलमधल्या. तिथे त्या मोडीत निघणार होत्या. १९५३ ते ५५ या काळात तिथे काम केलेल्या गोविंद स्वरूप या तरुणाने त्या भारतासाठी मागून घेतल्या. पुढे होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं, १९६३ साली ते परतले, आणि दोन वर्षांत तबकड्या कल्याणला उभ्या राहिल्या. पूर्व-पश्चिम २४, सुमारे ६३० मीटरमध्ये. दक्षिणोत्तर ८, सुमारे २५६ मीटरमध्ये.

सगळे ही तबकड्यांची गोष्ट सांगतात. मला मात्र अप्रूप वाटतं तारांचं.

शाळेच्या प्रार्थनेत मागच्या रांगेतली पोरं अर्धा शब्द मागे राहिली तर काय होतं, ते शिक्षकाला विचारा. इथेही तेच. बत्तीस ठिकाणचे सिग्नल एकत्र यायचे, तर ते एकसुरातच यायला हवेत. दुर्बीण चालायची ६१० मेगाहर्ट्झवर, म्हणजे लहरीची लांबी सुमारे ४९ सेंटिमीटर. एक लहर दुसरीपेक्षा अर्ध्या लांबीने, साडेचोवीस सेंटिमीटरने, मागे पडली की दोघी एकमेकींना पुसून टाकतात. हे अंतर आमच्या वर्गातल्या फूटपट्टीपेक्षाही कमी! साध्या प्लॅस्टिकभरल्या केबलमध्ये तर लहर हवेतल्यापेक्षा हळू, सुमारे दोनतृतीयांश वेगाने चालते, म्हणजे चूक आणखी लवकर अंगाशी येते.

माझा भाचा अनेक अँटेनांचे सिग्नल एकाच वेळी नोंदवणाऱ्या यंत्रांचं काम करतो. त्यासाठी केबल खास बनवून घ्यावी लागते. जवळच्या अँटेनालाही लांबच्याइतकीच केबल, उरलेली गुंडाळून ठेवायची. मी म्हटलं, हा तर पैशांचा चुराडा! तो म्हणाला, "मामा, केबल म्हणजे नुसती वाट नाही, मोजमापाचाच भाग आहे." वाक्य आवडलं, म्हणून इथे नोंदवतो.

पण एवढ्याने भागत नाही. एकाच मापाच्या दोन तारांत लहरीला लागणारा वेळ तंतोतंत सारखा असेलच असं नाही. शिवाय ऊन. तांब्याची ३०० मीटर मोकळी तार दहा अंशांनी तापली की सुमारे पाच सेंटिमीटर लांब होते. मग नुसत्या मोजपट्टीने भागायचं कसं?

यावरचा तोडगा स्वरूप यांनी अमेरिकेत, स्टॅनफर्डला असतानाच काढला होता. के. एस. यांग यांच्यासह त्यांनी तो १९६१ साली प्रसिद्ध केला. मध्यवर्ती खोलीतून तारेत सिग्नल सोडायचा आणि अँटेनाच्या टोकाशी तो परतवायचा. पण परतवताना त्यावर एक खूण उमटवायची, म्हणजे वाटेतल्या सांध्यांवरून आलेल्या इतर प्रतिध्वनींतून तो वेगळा ओळखू येतो. जाऊन-येऊन किती मागे पडला ते पाहायचं आणि निम्मं करायचं. हजेरीला प्रत्येकाने "हजर"बरोबर आपला नंबरही सांगावा, तसं. तार न उपसता, न सोडवता तिची खरी लांबी कळते. ही युक्ती पुढे जगातल्या इतर रेडिओ दुर्बिणींनीही उचलली.

कल्याणला १९६५ ते ६८ सूर्याचं निरीक्षण चाललं. तिथे हात बसलेली मंडळी मग उटीच्या दुर्बिणीकडे वळली, ती १९७० साली सुरू झाली. आणि नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आल्या, तेव्हा त्यांचे सिग्नल आणायला तांबं नव्हतंच. जमिनीखालून काचेचे तंतू टाकले होते. वाटेत लागणारा वेळ मात्र तिथेही मोजावाच लागतो.