चुना, गेरू आणि जवसाचे तेल

नागपूरहून हावड्याकडे निघालेली गाडी गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव ही स्थानके मागे टाकून दुर्गला पोचते आणि दुर्ग सुटल्यावर थोड्याच वेळात भिलाईच्या पोलाद कारखान्याची धुराडी दिसू लागतात. या कारखान्याविषयी सोव्हिएत रशियाशी करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ रोजी. त्या वेळी दुर्ग जिल्हा जुन्या मध्यप्रदेशात होता, प्रांताची राजधानी नागपूर होती आणि हिंदी व मराठी या दोन्ही तिथल्या राजभाषा होत्या. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्यांची पुनर्रचना होऊन नागपूर एकीकडे गेले आणि दुर्ग दुसरीकडे राहिले. बिंबाजी भोसल्यांच्या काळापासून या मुलखात वस्ती करून राहिलेली मराठी घरे मात्र राहिली तिथेच राहिली आणि कारखाना उभा राहू लागताच विदर्भातून आणखी कितीतरी कुटुंबे तिथे येऊन पोचली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. हा इतिहास पुष्कळांना ठाऊक असतो. त्या भट्टीच्या आसऱ्याला आलेल्या माणसांनी आपली घरे कशी सजवली, तुटपुंज्या पैशांत भिंती आणि लाकडी सामान कसे रंगवले, हा इतिहास मात्र कुणी फारसा सांगत नाही.

झोतभट्टीला तीन गोष्टींची भूक असते : लोहखनिज, कोक आणि चुनखडी. भिलाईला लोहखनिज मिळते ते दक्षिणेकडे ८०-९० किलोमीटरांवर असलेल्या दल्ली-राजहरा येथील डोंगरांतून. चुनखडीची खाण आहे उत्तरेला नंदिनी येथे. राजहऱ्याचे खनिज म्हणजे हेमटाइट, लोखंडाचा तांबडा प्राणिद. बारीक दळले की त्याचा रंग गर्द तांबडा उतरतो. ज्याला गेरू म्हणतात त्या मातीला तिचा रंग देणारा पदार्थही हाच. आणि नंदिनीची चुनखडी भाजली की होतो तो चुना. म्हणजे ज्या दोन दगडांवर पोलादाचा एवढा मोठा कारखाना उभा आहे, तेच दोन दगड गरिबाच्या भिंतीचे सर्वांत जुने रंग होत. रायगढजवळच्या सिंघनपूर आणि कबरा पहाड येथील शैलाश्रयांत आदिमानवाने काढलेली चित्रे आहेत, तीही याच तांबड्या मातीची. लोखंड गाळण्याची विद्या माणसाला अवगत होण्याच्या कितीतरी आधी लोखंडाचा हा रंग त्याच्या बोटांना लागलेला होता.

कारखान्यापूर्वी या भागात जी खेडी होती त्यांतली घरे मातीची. भिंती जाड, वर कौले किंवा गवत. घर शोभिवंत करण्याचे काम बायकांचे, आणि त्याला पैसा जवळजवळ लागतच नसे. छत्तीसगढात पांढऱ्या मातीला ‘छुही’ म्हणतात. दिवाळीच्या आधी छुहीची माती पाण्यात कालवून भिंतीवर तिचे पोतेरे फिरवायचे, खालच्या अंगाला गेरूचा किंवा काळसर मातीचा पट्टा ओढायचा, अंगण शेणाने सारवायचे आणि तांदळाच्या पिठाने चौक पुरायचा. विदर्भातून आलेल्या बाईला यात परके असे काहीच नव्हते. माती तीच, हाताची वळणे तेवढी थोडी निराळी. या कामाची एक खूण अशी की ते कधीच संपत नाही. पावसाने भिंत धुपते, सारवण उलते, आणि पुन्हा हात फिरवावा लागतो. घर म्हणजे एकदा बांधून टाकलेली वस्तू नव्हे, दरवर्षी पुन्हा केलेली वस्तू, असाच त्या बायकांचा समज होता.

त्या मातीचे मोल काय असते, हे मराठी घरात जन्मलेल्या एका लेखकाने याच प्रदेशात बसून लिहून ठेवले आहे. माधवराव सप्रे पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक चालवीत. लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे सप्रे ते हेच. १९०१ साली त्यांनी त्या मासिकात ‘एक टोकरी भर मिट्टी’ नावाची लहानशी गोष्ट छापली. जमीनदाराने एका विधवेची झोपडी हिरावून घेतली आहे. ती येऊन एवढेच मागते की, त्या झोपडीतली टोपलीभर माती न्यायची परवानगी द्या. तिची चूल घालीन, म्हणजे नातीच्या पोटात अन्न जाईल. आपले घर सुटल्यापासून पोरीने अन्न सोडले आहे. टोपली उचलायला ती जमीनदाराचाच हात मागते, आणि त्याला ती उचलत नाही. गोष्ट पुढे कुठे जाते हे वाचणाऱ्याच्या ध्यानात येतेच. तीत झोपडीचे वर्णन जवळजवळ नाही. आहे ती केवळ माती. त्यानंतर अर्धशतकाने भिलाईच्या परिसरातल्या कितीतरी गावांच्या जमिनी कारखान्यासाठी घेतल्या गेल्या. तिथल्या सारवलेल्या भिंतींची नोंद कोणत्याही सरकारी कागदात सापडणार नाही.

गावाच्या जागी नगर आले. सेक्टरांमागून सेक्टर आखले गेले, सरळ रस्ते पडले, झाडे लावली गेली आणि विटांची, सिमेंटची घरे ओळीने उभी राहिली. या घरांत वीज आली, नळ आला. मातीच्या घरातून आलेल्या माणसाला हे सुख लहान नव्हते. परंतु ही घरे एकमेकांसारखी होती, आणि राहणाऱ्याच्या मालकीची नव्हती. नोकरी असेतो घर. नोकरी संपली की किल्ली परत. भिंत आपली नाही, दार आपले नाही, खिडकी आपली नाही. तरीही घर आपले वाटले पाहिजे. देशभरातून आलेल्या, एकमेकांची भाषाही न जाणणाऱ्या त्या कुटुंबांपुढे हा प्रश्न होताच. त्याचे उत्तर भिंतीवरच्या चुन्यात आणि घरातल्या लाकडी सामानात शोधावे लागे, कारण हातात पैसा बेताचाच असे.

चुन्याची कृती सोपी आहे, पण ती शास्त्रशुद्ध आहे. कळीचा चुना रात्रभर पाण्यात विरवावा. तो उकळतो, फुलतो आणि निवल्यावर लोण्यासारखा होतो. फडक्यातून गाळून त्यात डिंकाचे किंवा सरसाचे पाणी, मूठभर मीठ आणि चिमूटभर नीळ घालावी. निळीने पिवळसर झाक जाते. मग पातळ हात दोन-तीनदा द्यावा; एकच दाट हात दिला तर त्याचे पोपडे निघतात. वाळताना चुना हवेतला कर्बद्विप्राणिद शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडीच होतो. नंदिनीचा दगड भट्टीत गेला तर खनिजातली वाळूमाती आपल्याबरोबर घेऊन मळी बनतो, आणि भिंतीवर गेला तर पुन्हा दगड बनतो. त्यात रंग मिसळायचा तर मात्र जपावे लागते. गेरू, पिवळी माती असे खनिज रंग चुन्यात टिकतात. बाजारातला प्रशियन निळा चुन्याच्या संगतीत तपकिरी पडतो. जुन्या घरांच्या भिंती बहुधा फिकट पिवळ्या, गुलाबी किंवा निळसर पांढऱ्या असत, त्यात आवडीनिवडीइतकाच रसायनशास्त्राचाही हात होता.

लाकडी सामानाची गोष्ट याहून निराळी. भिंत कारखान्याची, पण खाट, पाट, टेबल, पोळपाट, आजोबांच्या वेळचे कपाट ही सारी घरची. बदली झाली, नोकरी संपली, तरी ती बरोबर यायची. म्हणून घराचा खरा जीव सामानात, आणि रंगावर चार पैसे खर्चायचे तर ते सामानावर, असा हिशेब सुज्ञ गृहिणी करी. इथेही छत्तीसगढची भूमी मदतीला येते. उभ्या धानाच्या ओल्या शेतात जवस आणि लाखोळी विस्कटून पेरण्याची तिथे जुनी रीत आहे. तिला ‘उतेरा’ म्हणतात. धान कापले जाते आणि त्याच ओलीवर जवस वाढते. या जवसाचे तेल हवेत उघडे राहिले की सुकते आणि त्याचा चिवट पापुद्रा बनतो. तिळाचे किंवा भुईमुगाचे तेल असे सुकत नाही. लाकडावरच्या तैलरंगाची सारी विद्या या एका गुणावर उभी आहे. खडूची पूड जवसाच्या तेलात मळली की ‘लांबी’ होते; तिने चिरा, खिळ्यांची भोके बुजवायची. मग काचकागदाने घासायचे, अस्तराचा एक हात, तो नीट वाळला की रंगाचे दोन हात. घाई करणाऱ्याच्या खुर्चीला पाहुण्यांचे धोतर चिकटते. आणि तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकून देऊ नये. जवसाचे तेल सुकताना तापते आणि असा बोळा कधी कधी आपोआप पेट घेतो.

लाकूड सागाचे असेल आणि त्याच्या रेषा झाकू नयेत असे वाटले, तर लाख आहेच. पळस, बोर आणि कुसुम या झाडांवर एक किडा ती तयार करतो, आणि छत्तीसगढचे अरण्य लाखेसाठी प्रसिद्ध आहे. चपडी लाख स्पिरिटात विरघळवून कापसाच्या बोळ्याने लाकडावर फिरवली की जी झळाळी येते तीच बड्या घरांच्या दिवाणखान्यातल्या मेजांची झळाळी. साहेबाने तिला फ्रेंच पॉलिश म्हटले. माल इथलाच होता.

बाजारातले तयार रंगही याच सुमारास साध्या घरापर्यंत पोचू लागले. मुंबईत १९४२ साली सुरू झालेल्या एशियन पेंट्सने मोठ्या पिंपांऐवजी लहान डबे खेडोपाडी विकायला काढले. शेतकरी ते डबे पोळ्याला बैलांची शिंगे रंगवायला घेत, आणि उरलेल्या रंगाला घरात एखादे स्टूल किंवा दाराची चौकट सापडणारच! पोळा छत्तीसगढातही तितक्याच हौसेने होतो. एक गंमत मात्र सांगण्याजोगी आहे. भिलाईच्या घराघरांत पुढे पत्र्याचे कपाट आले, पण त्याचा पत्रा भिलाईचा नव्हता. भिलाईने प्रथम रूळ आणि बांधकामाचे पोलाद केले. पातळ पत्र्याचे काम रूरकेल्याकडे होते.

या रंगांची एक काळी बाजू होती आणि ती फार उशिरा उमगली. जुन्या रंगाऱ्यांचा ‘सफेदा’ म्हणजे शिशाचा पांढरा क्षार. अस्तराला वापरायचा शेंदूर, तोही शिशाचाच. शिसे मुलांच्या मेंदूला घातक असते, आणि मूल तर पाळण्याचा कठडा चोखतेच. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीचे रंगवलेले सामान पुन्हा रंगवताना ते कोरडे घासू नये, पाणी लावून घासावे, आणि मुलांना तिथून दूर ठेवावे.

आता पुन्हा राजहऱ्याकडे वळले पाहिजे, कारण भिलाईचा तांबडा दगड जे फोडीत होते ते भिलाईच्या सेक्टरांत राहत नव्हते. खाणीतली हजारो माणसे ठेकेदारांच्या हाताखाली होती. त्यांची घरे म्हणजे बांबू, बल्ल्या आणि गवत. अशा घराला रंग नंतर. आधी दर पावसाळ्यापूर्वी छप्पर शाकारावे लागते, कुजलेले बांबू बदलावे लागतात, आणि त्याला रोख पैसा लागतो. १९७७ च्या मार्चमध्ये या कामगारांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली ‘छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ’ स्थापन केला. त्यांच्या पहिल्या मागण्यांत दोन मुख्य होत्या : काम नसलेल्या दिवसांचे वेतन, आणि पावसाळ्याआधी झोपडी दुरुस्त करण्यासाठी १०० रुपये. ३१ मे रोजी समझोता झाला. दुसऱ्या दिवशी ठेकेदारांनी झोपडी-दुरुस्तीचे पैसे देण्यास नकार दिला आणि काम थांबले. २ जूनच्या रात्री पोलीस नियोगींना पकडून घेऊन गेले. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी गोळीबार झाला. अकरा जण मारले गेले, त्यांत अनसूयाबाई नावाची एक स्त्री होती आणि सुदामा नावाचा एक मुलगा होता.

घराच्या डागडुजीचे १०० रुपये ही मागणी एरवी इतिहासाच्या पुस्तकात शिरण्याजोगी नव्हे. १९९१ च्या २८ सप्टेंबरला नियोगींचीही भिलाईतल्या घरी, झोपेत असताना, हत्या झाली. राजहऱ्यात कामगारांनी स्वतःच्या पैशाने आणि श्रमाने उभारलेले रुग्णालय ‘शहीद’ या नावाने १९८३ साली ३ जूनलाच सुरू झाले. पाऊस त्या भागात सर्वसाधारणपणे जूनच्या मध्यावर येतो. मातीच्या घरांतून त्या आधीचे पंधरा दिवस छपरावर चढण्याचे असतात.