देशवंडीचे वामनदादा

सिन्नरचं नाव निघालं की बाहेरचे लोक गोंदेश्वराचं देऊळ सांगतात, नाहीतर विडीचा धंदा सांगतात. आपल्या विहाराच्या या स्मरणिकेत मात्र सिन्नरची ओळख वेगळी द्यावीशी वाटते. लोककवी वामनदादा कर्डक आपल्याच तालुक्यातल्या देशवंडीचे. १५ ऑगस्ट १९२२ हा त्यांचा जन्मदिवस. वडील तबाजी, आई सईबाई. घरची थोडी जमीन होती, पण तेवढ्यावर भागत नसे. वडील लाकडाचे कोळसे पाडून विकीत, आई टेंभुर्णीची पानं गोळा करी. ही पानं विडीला लागतात हे सिन्नरकरांना वेगळं सांगायला नको. शाळेचा प्रश्नच नव्हता.

तो काळही ध्यानात घ्या. वामनदादा सात वर्षांचे असताना, २ मार्च १९३० ला नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तेरा वर्षांचे असताना, १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. सिन्नरहून येवलं काही लांब नाही. ऑगस्ट १९४१ मध्ये तर बाबासाहेब खुद्द सिन्नरला आले होते. महार वतनाच्या जमिनींवर सरकारनं वाढवलेल्या जुडीविरुद्ध इथं परिषद भरली होती. आपल्या जिल्ह्यात कर्मवीर दादासाहेब गायकवाडांसारखा माणूस गावोगाव हिंडत होता. चळवळीचा वारा देशवंडीपर्यंत येतच असणार.

पोटासाठी वामनदादा मुंबईला गेले. मिळेल ते काम केलं. शिवडीच्या बीडीडी चाळीत राहत. तिथं एक गोष्ट घडली. एका माणसानं आपलं पत्र वाचून दाखवा म्हणून त्यांच्या हातात दिलं. माणूस दिसायला धट्टाकट्टा, समता सैनिक दलात वावरणारा, तेव्हा याला वाचता येत असणार असं त्याला वाटलं. वामनदादांना अक्षरही येत नव्हतं. त्यांना रडू कोसळलं. मग दलातल्या देहलवी मास्तरांनी त्यांना बाराखडी शिकवली. जोडाक्षरं दादा दुकानांच्या पाट्या वाचून शिकले. विशी गाठलेला माणूस मुंबईच्या रस्त्यानं पाट्या वाचत चालला आहे, हे चित्र आपल्या शाळकरी पोरांना जरूर सांगा. पास-नापासाच्या गोष्टींपेक्षा ते पोरांच्या जास्त लक्षात राहील.

अक्षरओळख झाली आणि गाणं आलं. ३ मे १९४३ ला त्यांनी पहिलं गीत लिहिलं, तेही एका हिंदी गाण्याचं विडंबन. पुढं चाल लोकांच्या ओठावरची आणि विचार बाबासाहेबांचा, ही रीत त्यांना चांगली लागू पडली. गाण्याची ही वाट अर्थात त्यांच्या आधीच पडलेली होती. आपल्याच जिल्ह्यातल्या कसबे सुकेण्याचे भीमराव कर्डक १९३० नंतर जलसा घेऊन फिरत होते. आडनाव एकच असल्यानं बरेच जण दोघांची गल्लत करतात, ती करू नये. भीमराव जलसेकार, वयानं वडील. वामनदादा त्यांच्या पाठचे. जलशातून चळवळीचा बाज आला आणि वामनदादांनी तो एकट्या गायकाच्या गाण्यात उतरवला.

त्यांच्या कामाचं खरं मोल कळतं ते १९५६ नंतर. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली आणि त्यानंतर त्रेपन्नाव्या दिवशी, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. लाखो माणसांनी जुने देव देव्हाऱ्यातून उतरवले होते. आता घरात काय म्हणायचं? बारशाला, लग्नाला, मयतीला काय म्हणायचं? भिक्खू मोजकेच होते. पाली कुणाला येत नव्हती. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली निघाला तो इंग्रजीत. वाड्या-वस्त्यांवरच्या आयाबायांना धम्म सांगायचा तर गाण्याशिवाय दुसरा रस्ता नव्हता. भारतीय बौद्ध महासभेच्या कार्यकर्त्यांनी विधी शिकवले, वामनदादांसारख्यांनी मनं वळवली. पंचशील, बावीस प्रतिज्ञा, शिक्षण, दारूबंदी, आईबापांची आठवण, सगळं गाण्यात आलं. धर्मप्रचारक म्हटलं की आपल्याला चीवर डोळ्यांपुढं येतं. हा प्रचारक साध्या कपड्यातला होता.

घरसंसाराचं सुख मात्र त्यांना कमीच मिळालं. पहिला संसार मोडला, मुलगी लहानपणीच गेली. पुढं शांताबाईंची साथ लाभली. माणूस सारखा गावाबाहेर, आज या जयंतीला तर उद्या त्या गावच्या बुद्धपौर्णिमेला. अशा माणसाची बायको होणं सोपं नसतं, आणि हे आपल्या इतिहासात फारसं लिहिलं जात नाही, म्हणून इथं लिहिलं. त्यांनी 'सांगत्ये ऐका' या १९५९ सालच्या गाजलेल्या चित्रपटासाठीही गीत लिहिलं. पण ते सिनेमाकडं वळले नाहीत, वस्तीवरच राहिले.

गाणी हजारोंनी झाली, पण 'वाटचाल' हा संग्रह निघाला १९७३ साली. म्हणजे पहिल्या गीताला तीस वर्षं उलटल्यावर. त्यानंतर 'मोहळ' १९७६ ला आणि 'हे गीत वामनचे' १९७७ ला. तोवर गाणी तोंडातोंडी फिरली. गायक येई, गाणं उचली, पुढच्या गावाला जाई. यात फायदा झाला तसं नुकसानही झालं. कितीतरी गाणी कुणाची हेच लोकांना ठाऊक नाही. संतांच्या अभंगात शेवटी नाव यावं तसं वामनदादा शेवटच्या कडव्यात 'वामन' घालीत. पण वेळ कमी पडला की गायक कापतात ते शेवटचंच कडवं. तिथंच कवीचं नाव जातं.

१९९३ साली वर्ध्याला पहिलं अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष वामनदादा होते. पाट्या वाचून जोडाक्षरं शिकलेल्या माणसाला साहित्यिकांनी हा मान दिला. १५ मे २००४ ला नाशकात त्यांचं निधन झालं.

गेल्या वर्षावासात आपल्या विहारात एका आजींनी त्यांची जुनी वही आणली होती. पानं पिवळी पडलेली, अक्षर त्यांच्या मुलीचं. त्यात गाणी अख्खी उतरवलेली होती, शेवटच्या कडव्यासकट. एका पोरीनं विचारलं, "आजी, हा वामन कोण?" आजी म्हणाल्या, "अगं, आपल्या देशवंडीचा." आता त्या वहीची झेरॉक्स काढून विहाराच्या कपाटात ठेवली आहे. ज्यांच्या घरी अशा वह्या असतील त्यांनी पौर्णिमेला येताना घेऊन याव्यात.