'रोमानेस्क' ही संज्ञा आणि ओतँचे द्वारशिल्प

इ. स. च्या अकराव्या व बाराव्या शतकांत पश्चिम युरोपात जी चर्चवास्तू व तिच्या आश्रयाने वाढलेली जी शिल्पकला निर्माण झाली, तिला इंग्रजीत 'रोमानेस्क' व फ्रेंचमध्ये 'रोमान' असे म्हणतात. जाड भिंती, अर्धवर्तुळाकार कमानी, लाकडी छपराच्या जागी आलेले दगडी छत आणि शिल्पांनी भरलेली प्रवेशद्वारे व स्तंभशीर्षे ही तिची लक्षणे सामान्यतः सांगितली जातात. ज्यांनी ही चर्चे बांधली त्यांना मात्र हे नाव ठाऊक नव्हते. ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दिले गेले; आणि विशेष असे की, ते वास्तुविद्येतून नव्हे, तर भाषाविचारातून आले. त्या नावाबरोबर एक निर्णयही आला. तो निर्णय कितपत ग्राह्य आहे, हे एखाद्या प्रत्यक्ष वास्तूवर पारखून पाहणे आवश्यक आहे.

नॉर्मंडीतील पुरावस्तुसंशोधक शार्ल द जेर्व्हिल याने १८१८ च्या डिसेंबरात ओग्युस्त ल प्रेव्हो या आपल्या मित्रास लिहिलेल्या पत्रात ही संज्ञा सुचविली. त्याच्या युक्तिवादाचा आशय असा: ही जड व ओबडधोबड वास्तुकला म्हणजे आपल्या अडाणी पूर्वजांच्या हाती क्रमाक्रमाने बिघडत गेलेली रोमन कृतीच होय; त्याच काळात मोडक्यातोडक्या लॅटिनमधून 'रोमान' भाषा बनली; उगम व अधोगती या दोन्ही बाबतींत साम्य असल्याने नावही एकच असावे. १८२० नंतरच्या दशकात आर्सिस द कोमाँ याने आपल्या लेखनाने ही संज्ञा रूढ केली. इंग्लंडात विल्यम गन याचा ग्रंथ १८१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याने 'रोमानेस्क' हा शब्द इटालियन प्रत्ययाच्या आधारे समर्थिला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे रोमचा खरा रहिवासी स्वतःस 'रोमानो' म्हणवितो. पण शहरात दीर्घकाळ राहिलेल्या संशयित कुळाच्या माणसास मात्र तो 'रोमानेस्को' म्हणून हिणवितो. तात्पर्य, एकाने या कलेस बिघडलेली म्हटले, तर दुसऱ्याने तिच्या कुळाविषयीच शंका घेतली.

जेर्व्हिलने ज्या भाषाविचाराचा आधार घेतला, तो त्या वेळी स्वतःच अस्थिर होता. फ्रांस्वा रेनुआर याने १८१६ पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथमालेत असे प्रतिपादन केले होते की, लॅटिन व आधुनिक भाषा यांच्या दरम्यान सर्वत्र एकच 'रोमान' भाषा नांदत होती. जेर्व्हिलने पत्र लिहिले त्याच वर्षी ऑगुस्ट विल्हेल्म श्लेगेलने या मताचे खंडन केले. पुढे फ्रीडरिख डीत्स याच्या व्याकरणाने (पहिला खंड १८३६) फ्रेंच, प्रोव्हांसाल, इटालियन, स्पॅनिश इत्यादी भाषा बोलीभाषेतील लॅटिनपासून स्वतंत्रपणे व नियमबद्ध रीतीने विकसित झाल्या, हे दाखवून दिले. इ. स. ८१३ मध्ये तूर येथील धर्मसभेने प्रवचने 'ग्रामीण रोमन' भाषेत वा जर्मनिक भाषेत सांगावीत असा निर्णय दिला, तेव्हाही लॅटिन कमी कळणारे लोक एवढाच अर्थ अभिप्रेत नव्हता. लोकांची भाषा वेगळी झाली आहे याची ती कबुली होती. 'अपभ्रंश' या शब्दाचा इतिहास ज्यांना परिचित आहे, त्यांना येथे अधिक सांगावयास नको. पतंजलीने 'गो' शब्दाच्या 'गावी', 'गोणी' इत्यादी रूपांस ज्या नावाने दोष दिला, तेच नाव पुढे एका समृद्ध वाङ्मयीन भाषेचे झाले. भाषाशास्त्राने अधोगतीची कल्पना लवकरच टाकून दिली; कलेतिहासात मात्र तिने बराच काळ मुक्काम ठोकला.

बर्गंडीतील ओतँ हे नगर या परीक्षेस सोयीचे आहे. ते 'औगुस्तोदुनुम' या नावाने सम्राट ऑगस्टसच्या काळी वसले आणि त्याच्या दोन रोमन वेशी आजही उभ्या आहेत. त्यांपैकी आरू वेशीच्या वरच्या मजल्यावर कमानींची रांग असून तिच्यामध्ये उभ्या पन्हळी कोरलेले चपटे अर्धस्तंभ आहेत. सुमारे ११२० मध्ये आरंभिलेल्या सँ-लाझार चर्चच्या आतील भिंतीवर मधल्या पट्ट्यात नेमकी हीच रचना आढळते. म्हणजे येथे रोमन नमुना पिढ्यान्‌पिढ्यांच्या विस्मरणातून झिजत आलेला नव्हता. तो समोर उभा होता व पाहून घेतलेला होता. परंतु त्याच भिंतीत खालच्या कमानी टोकदार आहेत. १०८८ मध्ये आरंभिलेल्या क्लूनीच्या तिसऱ्या मठचर्चमधील हा प्रघात ओतँच्या कारागिरांनी उचलला. ज्यांना रोमन अर्धस्तंभ हुबेहूब कोरता येत होता, त्यांना रोमन कमान साधली नाही, असे म्हणणे युक्तिसंगत नाही. त्यांनी निवड केली.

पश्चिम द्वारावरील अर्धवर्तुळाकार शिलापट्टात, ज्यास टिंपॅनम म्हणतात, अंतिम न्यायाचा देखावा कोरलेला आहे. मध्यभागी बदामाकार प्रभामंडळात ख्रिस्ताची भव्य मूर्ती. तिच्या मानाने इतर सर्व आकृती लहान. एका बाजूस आत्म्यांचे वजन चालले आहे व तराजूपाशी सैतान खटपट करीत आहे. खालच्या आडव्या शिळेवर मृत कबरींतून उठत आहेत. त्यांत दोघा यात्रेकरूंच्या झोळ्या शिंपल्याच्या व क्रुसाच्या चिन्हांवरून ओळखू येतात, आणि एका पापी जीवाचे मस्तक दोन प्रचंड हातांनी पकडलेले दिसते. देवदूतांची शरीरे ताणल्यासारखी लांब असून वस्त्रांच्या चुण्या समांतर रेषांनी दाखविल्या आहेत. शरीराची प्रमाणे येथे डोळ्यांना दिसणाऱ्या देहावरून ठरविलेली नाहीत; प्रसंगातील महत्त्वावरून ठरविलेली आहेत. अठराव्या शतकातील धर्माधिकाऱ्यांना हे रुचले नाही. १७६६ मध्ये त्यांनी हे शिल्प गिलाव्याखाली झाकून टाकले. ख्रिस्ताचे मस्तक पुढे येत होते म्हणून तेही काढले गेले. त्या अवहेलनेमुळेच फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातील मोडतोडीतून शिल्प वाचले, हा योगायोग मौजेचा आहे. १८३७ मध्ये गिलावा निघाला आणि १९४८ मध्ये देनी ग्रिव्हो या धर्मगुरूच्या प्रयत्नाने संग्रहालयातील मस्तक पुन्हा धडावर बसले.

प्रभामंडळाच्या कडेवर व खालच्या शिळेवर लॅटिन पद्ये कोरलेली आहेत. सत्पुरुषांस आश्वासन व पापी जनांस भय, असा त्यांचा विषय. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने त्यांची घडण विशेष अर्थपूर्ण आहे. वृत्त जुनेच, षट्गणी हेक्झामीटर. परंतु प्रत्येक ओळीच्या मध्यावरील यतीपाशी येणारा शब्द व शेवटचा शब्द यांचे यमक जुळविलेले आहे. अभिजात लॅटिन काव्याचा डोलारा स्वरांच्या ऱ्हस्वदीर्घत्वावर उभा होता व नियमित यमकाची त्यास गरज नव्हती. लोकांच्या बोलीतून तो ऱ्हस्वदीर्घभेद शतकांपूर्वीच नाहीसा झाला होता. ओतँच्या पद्यकाराने ग्रंथातून शिकलेले मात्रांचे नियम पाळले आणि समकालीन कानास कळेल असे यमकही दिले. रोमन अर्धस्तंभ व टोकदार कमान एकाच भिंतीत यावीत, तसेच हे झाले.

ख्रिस्ताच्या पायाखाली आणखी तीन शब्द आहेत: 'गिस्लेबेर्तुस होक फेकित', गिस्लेबेर्तुसने हे केले. ग्रिव्हो व जॉर्ज झार्नेकी यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गिस्लेबेर्तुस हा या चर्चमधील बहुतेक सर्व शिल्पांचा कर्ता मानला व त्यास मध्ययुगातील एका थोर कलावंताचे स्थान दिले. १९९९ मध्ये लिंडा साइडेल यांनी त्यास विरोध करून हे नाव शिल्पकाराचे नसून पूर्वकालीन एका ड्यूकचे असल्याचे मांडले. वादाचे मूळ क्रियापदात आहे. 'फेकित' याचा कर्ता स्वतः हाताने घडविणाराच असतो असे नाही. रोम येथील पँथिऑनच्या दर्शनी भागावर अग्रिप्पाच्या नावापुढे हेच क्रियापद आहे आणि अग्रिप्पाने छिन्नी धरली असे कोणीही समजत नाही. उलट इटलीतील मोदेना येथे, १०९९ मध्ये आरंभिलेल्या कॅथेड्रलवर, विलिगेल्मोची प्रशंसा करणाऱ्या लेखात शिल्पकर्माचा शब्द स्पष्टपणे योजिलेला असल्याने तेथे संशयास जागा राहत नाही. ओतँच्या लेखात तसा शब्द नाही. 'होक', म्हणजे 'हे', या सर्वनामाने देखावा, द्वार की संपूर्ण चर्च दर्शविले आहे, तेही व्याकरणाने ठरत नाही. मात्र स्थान विचारात घ्यावे लागते. एखाद्या दात्याचे नाव न्यायासनाच्या थेट खाली यावे हे अशक्य नाही; पण आश्रयदात्याचे नाव एवढ्या मोक्याच्या ठिकाणी त्याचे पद वा उपाधी वगळून यावे, हे तितकेसे सहज वाटत नाही. या कारणाने शिल्पकाराचा पक्ष अधिक बळकट दिसतो, सिद्ध झाला असे मात्र म्हणता येत नाही.

नावाचा निर्णय कसाही लागो, टिंपॅनममधील देवदूतांच्या वस्त्रांवरील रेषा व चर्चमधील स्तंभशीर्षांवरील रेषा यांचे नाते त्या शब्दांवाचूनही दाखविता येते. 'तीन राजांचे स्वप्न' या स्तंभशीर्षात एकाच गोल पांघरुणाखाली तिघे मुकुटधारी निजले आहेत. पांघरूण वरून पाहिल्यासारखे आणि देवदूत समोरून. देवदूत एका बोटाने एकाच राजाच्या हातास स्पर्श करतो, त्याचे डोळे उघडले आहेत, उरलेले दोघे अद्याप झोपेत आहेत.