ढाब्यावरच्या बाजेची कुळकथा

मुंबई-नाशिक रस्त्यावर भिवंडीच्या आसपास हल्ली 'गावरान', 'आगरी', 'चुलीवरचं' अशा पाट्या लावलेली हॉटेलं बरीच झाली आहेत. आत कंदील, बैलगाडीचं चाक, शेणानं सारवल्यासारख्या रंगवलेल्या भिंती आणि जेवायला बसण्यासाठी बाजा. ताटात तांदळाची भाकरी, मटणाचा रस्सा, हंगामात वालाचं बिरडं. जेवण अस्सल इथलंच असतं. खटकते ती बाज.

आपल्याकडे बाज घरोघरी होती. बाळंतिणीची बाज, खाली निखाऱ्यांची शेगडी. अंगणात म्हाताऱ्यांची, खळ्यावर राखणदाराची. पण जेवण खाली, पाटावर मांडी घालून. बाजेवर ताट घ्यायची मुभा आजाऱ्याला. धडधाकट माणूस तसा जेवायला बसला तर घरातली वडीलधारी उठवत.

वस्तू मात्र फार जुनी. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूता या प्रवाशानं हिंदुस्थानी खाटेचं कौतुक लिहून ठेवलं आहे: एकटा माणूस उचलून नेईल इतकी हलकी, आणि वीणच अशी लवचीक की वर गादी लागत नाही. वीण पायथ्यापर्यंत नेत नाहीत. तिथे थोडी जागा सोडून दोरीचे वेढे घेतात आणि बाज सैल पडली की तेवढेच ओढून ताणतात. अख्खी बाज उसवावी लागत नाही.

तिच्यावर जेवायची रीत घेऊन आला ट्रकवाला. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या कितीतरी कुटुंबांनी देशभरच्या हमरस्त्यांवर ढाबे थाटले आणि ट्रकच्या धंद्यातही पंजाबी माणसं मोठ्या संख्येनं होती. रात्रभर स्टिअरिंग धरलेल्या माणसाला आधी पाय पसरायचे असतात. म्हणून ढाब्यावर बाज. तिच्यावर आडवी फळी टाकायची, फळीच्या एका अंगाला ड्रायव्हर, दुसऱ्या अंगाला क्लीनर, मध्ये डाळ, रोट्या, चिरलेला कांदा. जेवण झालं की फळी उचलायची आणि तिथेच आडवं व्हायचं. एकाच वस्तूत खुर्ची, टेबल आणि बिछाना.

जेवणही त्याच गरजेतून ठरलं. गिऱ्हाईक रात्री किती वाजता उतरेल याचा नेम नाही. उडदाची डाळ मंद आचेवर तासन्‌तास राहिली तरी बिघडत नाही, उलट मुरते. आणि तंदूर तापलेला असला की रोटी दोन मिनिटांत हातात. बाज आणि डाळ एकमेकींना शोभतात, कारण दोन्ही एकाच माणसासाठी आहेत.

भिवंडीला हा माणूस उदंड मिळाला. यंत्रमागाचं कापड होतंच. त्यात मुंबईची जकात-हद्द सुरू होण्याआधी माल उतरवून ठेवायला मानकोली, काल्हेर, पूर्णा या पट्ट्यात गोदामं उभी राहिली. 1 जुलै 2017 पासून मुंबईची जकात गेली, पण गोदामं वाढतच राहिली. गर्दीच्या वेळी ठाण्याकडे अवजड गाड्यांना बंदी असते, तेव्हा ट्रक इथे थांबून राहतात आणि ढाब्याची बाज आजही खऱ्या अर्थानं वापरात येते.

एखादा विषय घेऊन हॉटेल सजवायची हौस वेगळ्या वाटेनं आली. पॅरिसला 1892 साली काबारे द्यू नेआं नावाची जागा निघाली. तिथे शवपेट्यांची टेबलं होती आणि पेयांना रोगांची नावं. आपल्या देशात खेडं हाच विषय घेणारं नाव म्हणजे अहमदाबादचं 'विशाला', 1978 चं. भांड्यांचं 'विचार' संग्रहालय त्याला लागूनच, 1981 पासून. 'विशाला'त खाली बसवून गुजराती जेवण वाढतात, म्हणजे बैठक आणि ताट एकाच प्रांतातलं. पुढे 1989 साली जयपुरात 'चोखी ढाणी' आली आणि खेडं हा सजावटीचा प्रकार सगळीकडे पसरला.

या पसरण्यात 'खेडं म्हणजे बाज' असं समीकरण झालं आणि पंजाबी ट्रकवाल्याची बैठक आगरी रश्शाखाली येऊन बसली. वर ती आता लोखंडी पाइपाची, नायलॉनच्या पट्टीची, जाड गादी घातलेली. इब्न बतूताला आवडलेला लवचीकपणा गादीखाली दडपून गेला आणि आडवं व्हायची तर सोयच नाही, कारण पुढचं कुटुंब नंबर लावून उभं असतं. रस्सा पातळ, भाकरी कुस्करून खायची. त्यासाठी ताट स्थिर हवं. झोळ पडलेल्या बाजेवर रस्सा कलंडतो आणि पोरांचे कपडे खराब होतात. मला तरी आगरी जेवण पाटावर, नाहीतर साध्या टेबलावर हवं. डाळ-रोटी मात्र खुशाल बाजेवर द्यावी, आणि फळीसकट.